गार्चिंगचे टोमॅटो

९ फेब्रुवारी
जे तू कधी ओढणार नाहीस, ते लावतेस कशाला? ऊर्मिलाने विचारलं. (इथली, गार्चिंगची फ्लॅटमेट. पुण्याची, म्युनिकला सॉफ्टवेअरमध्ये.) तिला म्हटलं, मराठीत गांजाच्या झाडाबद्दल एक शांत, शास्त्रशुद्ध पुस्तिका हवी, ती मी लिहिणार. ती जर्मनमध्ये म्हणाली, गेनाऊ, अगदी बरोबर, आणि दुसरी आवृत्ती येरवड्यातून.
इथे जर्मनीत माणशी तीन झाडं कायदेशीर. तीन बिया पेरल्या. इंडिका, भरघोस जात.

१६ फेब्रुवारी
ऊर्मिलाचे आक्षेप. एक, घरात पन्नास ग्रॅमच ठेवता येतो, कुणाला देताही येत नाही, मग झाडाला चारशे देणारी जात कशाला? दोन, सगळी मादीच निघतील असं बी मिळतं, ते का नाही?
घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी. काठावर पास होणारं काही आणवत नाही. आणि निसर्गात ढवळाढवळ नको. (हे झाडं वाढवायच्या कापडी टेंटपाशी, एलईडीच्या उजेडात लिहिलं.)

२ मार्च
रोपं लांबुडकी, मरतुकडी. अकरा रिसर्च पेपर वाचले. शेवटी रविवारच्या फोनवर आप्पांना विचारलं. आप्पा म्हणजे वडील, फलटणला रोपवाटिकेत माळी, तेहतीस वर्षं. शिक्षण सातवी. म्हटलं, टोमॅटो लावलेत. हे खोटं नाही, सोपं करून सांगणं आहे.
म्हणाले, दिवा लांब असेल, खाली घे. पाणी कमी कर. लाडाने रोप मरतं.

२३ मार्च
झाडं झकास. आप्पांनी सांगितले तसे शेंडे खुडले, दुप्पट फांद्या फुटल्या. आई म्हणाली, आप्पा रोपवाटिकेत सांगत सुटलेत, लेक जर्मनीत मास्टर्स करते, पण पाणी मला विचारून घालते.
संकल्प: पुढच्या रविवारी खरं सांगायचं.

३० मार्च
नाही सांगितलं. आज घड्याळं एक तास पुढे गेली. गोंधळ होता.

६ एप्रिल
नर झाड वेळेत काढलं नाही तर सगळं बियांनी भरतं. फोटो बघून ओळखता येईना. आप्पांना विचारलं, नर कसा ओळखायचा. त्यांनी मला तेच परत विचारायला लावलं. रेंज गेली असावी. मग म्हणाले, पेरापाशी बघ. बारीक गोळी असेल तो नर, पांढरे दोन केस असतील ती मादी. फोन आईकडे दिला.
नर सापडला, काढला. दोन झाडं उरली. टोमॅटोवरून इतकं अचूक सांगणं म्हणजे कमाल.

२० एप्रिल
आप्पा दोन रविवार फोनवर आले नाहीत. आई म्हणते, दमलेत. वय झालं.
ऊर्मिलाला नर-मादीचं सांगितलं. ती भांडी घासता घासता थांबली. म्हणाली, अगं बाई, टोमॅटोच्या एकाच फुलात दोन्ही असतं. मला माहितेय, त्यांना तेहतीस वर्षांत कळलं नसेल? मी म्हटलं, आप्पा इतका विचार करत नाहीत.
लिहिल्यावर हे वाक्य वाईट दिसतंय. खोडत नाही.

१८ मे
फुलांची बोंडं मुठीएवढी, घट्ट. एकही पान तोडलं नाही, उत्पन्न घटेल म्हणून. वास शेजारी जाऊ नये म्हणून खिडकी बंद. आज सर्वांत जाड बोंड उकललं. आत राखाडी बुरशी. पेपरांत सहा उपाय, सहाही वेगळे. विचारायला कुणी नाही.

२५ मे
आईला म्हटलं, आप्पांना फोन दे. व्हिडिओ लावला, टेंटची चेन उघडली. आई म्हणाली, अगं बया, आणि बाजूला झाली. आप्पांनी चष्मा घातला. म्हणाले, जवळ ने. आतून दाखव. मग म्हणाले, कुजलंय. आतली पानं काढायची होतीस, वारा खेळला असता. खरं विचारलं असतंस तर सांगितलं असतं.
मी म्हटलं, तुम्हाला काळजी नको म्हणून बोलले नाही. ते म्हणाले, काळजीचं नाही. तू नर विचारलास तेव्हाच ओळखलं. वाटलं, आता सांगेल, पुढल्या रविवारी सांगेल. तुला वाटलं, ह्याला काय कळतंय.
शेवटी म्हणाले, काढून टाक.
बघते. एका झाडाचं निम्मं वाचेल. पंखा मागवलाय.

१ जून, सकाळी ११
आईचा मेसेज. काल ती डबा द्यायला गेली तेव्हा रोपवाटिकेत कुणी तरी विचारलं, लेकीचे टोमॅटो कसे आले? आप्पा म्हणाले, रोग पडला, पोरीने काढून टाकले. आई लिहिते, जन्मात पहिल्यांदा ह्यांना तोंडावर खोटं बोलताना बघितलं.
पंखा कालच आला होता. खोक्यातच ठेवला. निदान त्यांचं बोलणं खोटं राहू नये म्हणून दोन्ही झाडं बुडापासून कापली, तुकडे करून कॉफीच्या चोथ्यात कालवली आणि बायोटोनमध्ये, ओल्या कचऱ्याच्या पेटीत टाकून आले.