मोरीतला अडतीस डिग्रीचा नळ

भोईवाडा, परळ
दि. २ फेब्रुवारी २००९

तीर्थरूप आबांस,
लतिकाचा स. जय भीम, वि. वि.

परवा फोनवर तुम्ही सगळ्याला हो हो म्हणालात. मी विचारलं होतं, गुडघा कसा आहे. त्यालाही तुम्ही हो म्हणालात. तेव्हा पत्रच बरं. कान गिरणीने नेले, डोळे अजून तुमचे आहेत.

मला कंपनीत लागून पाच महिने झाले. एप्रिलपासून परमनंट करतात, किंवा करत नाहीत. आमची कंपनी नळ बनवते. तुम्ही वाडीत सांगता की नात कॉम्प्युटरमध्ये आहे, ते बरोबर नाही, कृपया दुरुस्त करावं.

सध्या एका नव्या नळाचं काम चालू आहे. त्याला चावी नाही. खाली हात धरला की पाणी सुरू होतं, वीस सेकंदांनी आपोआप बंद होतं. भिंतीवर बोटभर पट्टी आहे. पाणी किती गरम हवं आणि धार किती हवी ते तिच्यावर बटण दाबून ठरवायचं. वर छोटा गिझर असतो. गरम आणि गार किती मिसळायचं ते नळ आतल्या आत बघतो. सध्या कंपनीने अडतीस डिग्री लावून दिली आहे, महिनाभर ती बदलायची नाही.

हा नळ महिनाभर सात घरांत लावून बघायचा आहे. सहा घरं आमच्या हेरंब सरांनी निवडली, सगळी टॉवरमधली. सातवं सर्वसामान्य घर मी शोधून त्याचा रिपोर्ट पंधरा मार्चला द्यायचा. त्या रिपोर्टावरून माझं परमनंटचं ठरेल, असं सर अगदी गोड आवाजात म्हणाले. मी चार घरी विचारलं, कुणी आपला नळ काढू देईना. शेवटी आज आत्याच्याच खोलीत बसवला. फॉर्मवर नात्याच्या रकान्यात ‘आत्या, मी स्वतः इथेच राहते’ असं स्पष्ट लिहिलं आहे, म्हणजे मागाहून कुणी बोलायला नको.

आत्याने जुना पितळी नळ पुसून पेटीत ठेवला आणि नव्याखाली हात धरून बघितला. मग म्हणाली, पाण्यासाठी हात पसरायचे दिवस महाडला संपले असं आबांनी सांगितलं होतं, हा नळ ते परत चालू करतो की काय. मी हसले, पण ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

आई-बाबांना जय भीम. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

आपली नात,
लतिका


मु. पो. वेरळवाडी, ता. मंडणगड
दि. ११ फेब्रुवारी २००९

चि. लतिकास,
आबाचा अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र पोचलं. गुडघा दुखतो. वाडीतली दुरुस्ती केली नाही. नात नळात आहे असं सांगितलं तर लोक आपापले गळके नळ घेऊन येतील.

तुझा नळ वाचून गंमत वाटली. आमच्या रंगखात्यात उकळत्या पाण्याच्या कुंड्या होत्या. साहेबाकडे पाण्याची उष्णता मोजायची काचेची नळी होती, पण ती महिन्याला एक फुटायची, आणि नवी येईपर्यंत कापड थांबायचं नाही. मग साहेब मला हाक मारायचा. मी बाही वर करून कोपर वाफेत धरायचो आणि सांगायचो, रंग घाला, किंवा थांबा. एकोणीस वर्षांत कापडाचे दोनच ताके बिघडले, त्यातला एक माझा नव्हता. म्हणून विचारतो, ही अडतीस डिग्री कोणी ठरवली? कोणाच्या कोपराने? तुझी आत्या लहानपणापासून चटका बसेल असं पाणी घेते. तिची आई म्हणायची, ही पोर आंघोळ करत नाही, शिजते.

दुसरं, तुझ्या कंपनीत युनियन आहे का ते लिहावं. मी परमनंट होतो. गिरणीतला टिकिट नंबर अजून पाठ आहे. संपाने ते सगळं नेलं. दिलं काय, तर भरपूर मोकळा वेळ, आणि त्या वेळात भोईवाड्याच्या वर्गात शिकलेली बाराखडी. तिच्या जोरावर हे पत्र लिहितो आहे. तेव्हा परमनंट व्हावंस असं मला फार वाटतं, पण त्या शब्दाला मान तिरकी करून बघ.

तुझ्या आत्याला, मीराला सांग, हात पसरणं वेगळं. हा नळ तिला ओळखत नाही, म्हणून हात बघून घेतो. चारदा दाखवला की सवय होईल. नाही झाली तर नळाची चूक.

कळावे. माया कमी करू नये.

तुझा,
आबा


भोईवाडा, परळ
दि. २० फेब्रुवारी २००९

तीर्थरूप आबांस,
मीराबाईचा स. जय भीम, वि. वि.

हे पत्र मी सांगते आहे आणि लतिका लिहिते आहे. एक शब्द गाळायचा नाही अशी तिला ताकीद दिली आहे. (गाळलेला नाही. — ल.)

आबा, तुमच्या नातीने मला मजल्यावर तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. तुम्हाला ठाऊक आहे, आपली खोली जिन्याला लागून, पाणी मजल्यावर पहिलं आपल्याकडे येतं. आई होती तेव्हापासून आपण झोपताना नळ उघडा टाकतो आणि खाली टोप पालथा घालतो. पहाटे पाणी आलं की टोप वाजतो, मी उठते, कठड्यावर लाटणं मारते आणि सगळा मजला उठतो. गजराचं घड्याळ इथे कोणी घेतलं नाही. पाणी एक दिवस पावणेपाचला, एक दिवस सव्वापाचला. घड्याळाला काय कळतं?

आता हा नळ उघडा राहतच नाही. हात नाही तर पाणी नाही. मी नेहमीसारखा टोप पालथा घातला आणि झोपले. (इथे चूक माझी आहे. टोप पालथा घालताना मी बघत होते, आणि नळ उघडा राहू शकत नाही हे मला माहीत होतं. तरी दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्या नाहीत. — ल.) पाणी आलं, तासभर पाइपात उभं राहिलं आणि गेलं. सगळा मजला घोरत होता. सात वाजता जाग आली तेव्हा बारा खोल्यांत मिळून दीड बादली पाणी. (अकरा खोल्या. बारावी बंद आहे. — ल.)

त्यातून त्याच दिवशी शेजारच्या कुशाबाच्या गुणवंतीला बघायला पाव्हणे यायचे होते. कुशाबाने चहा बाटलीच्या पाण्याचा केला. पाव्हण्यांनी हात धुवायला पाणी मागितलं तर त्यालाही बाटलीच पुढे केली. मुलाची आई म्हणाली म्हणे, माणसं फारच मोठी दिसतात, आपल्याला झेपतील का. तेव्हापासून कुशाबा माझ्याशी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी मी उलथनं दोरीला बांधून नळाखाली टांगलं आणि पंखा लावला. उलथनं हललं की नळाला हात वाटतो. रात्रभर आतून टक टक होत राहिलं आणि पाणी यायच्या आधी नळाचे सेल संपले. आणि ते अडतीस डिग्री म्हणजे आजाऱ्याचं अंग पुसायचं पाणी. माझं सांगून झालं. पोरगी गुणी आहे, पण तिला नळ काढून न्यायला सांगा.

आपली,
मीरा

आबा, पुढचं मी माझं लिहिते. मी हे सगळं रिपोर्टात लिहिलं: टोप, लाटणं, उलथनं, बाटल्या. एक पान झालं. हेरंब सरांनी ते वाचलं आणि त्यावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली. म्हणाले, हा नळाचा दोष नाही, चाळीचा आहे. बाकीच्या सहा घरांत सगळं उत्तम आहे. तुझं पान काढ, म्हणजे तुझंही उत्तम होईल. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. पान काढलं तर मी खोटं लिहिलं असं होत नाही, फक्त खरं लिहिलं नाही असं होतं. हे दोन्ही एकच आहे का, याचा विचार करून माझं पोट बिघडलं आहे. घरातली पहिली शिकलेली म्हणून तुम्ही सगळ्यांनी मला पुढे बसवलंत. इथे काय करायचं ते कुठल्याच वर्गात सांगितलं नव्हतं. काय करू ते कळवावं.

आपली,
लतिका


मु. पो. वेरळवाडी
दि. १ मार्च २००९

चि. लतिकास अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, मग तुझ्या आईने वाचून दाखवायला लावलं तेव्हा ती हसली आणि मी हसलो नाही.

रंगखात्यात एकदा माझा ताका बिघडला, तो लिहिला होता ना, त्याची गोष्ट. निळा हवा होता, जांभळट निघाला. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, म्हणाला, दत्ताराम, थप्पीच्या मधे घाल, कोण बघतो. मी घातला. कोणी बघितलं नाही. पुढे चार महिने ट्रक गेटातून निघाला की माझ्या पोटात गोळा. तुझं पोट माझ्यावर गेलं आहे. पान ठेव. परमनंट झाली नाहीस तर इथे ये, भात खायला घालू. परमनंट झालीस आणि पान काढलं असलंस, तर पोट कायमचं बिघडेल.

पण नुसती तक्रार लिहू नकोस. तक्रार साहेबाला पुसता येते, उपाय पुसायला जड जातो. वाफ यायच्या आधी आमचा पाइप बोलायचा. आधी हवा सरकते, पाइप थरथरतो. मी पाइपावर हात ठेवून सांगायचो, आली. पाण्याचंही तसंच असतं. तुझा नळ माणसाचा हात कधी येतो एवढंच बघत बसतो. चोवीस तास पाणी असलेल्या माणसाने तो केला आहे, त्याला वाट बघायची ती हाताचीच. आपल्याकडे हात रात्रभर तयार असतो, वाट बघायची ती पाण्याची. तेव्हा नळाला म्हणावं, एक हात पाइपावर ठेव. पाणी आलं की ओरड.

आणि साहेबाला पहाटे बोलाव. कागदावर टोप वाजत नाही.

मीराला सांग, कुशाबाकडे आपण होऊन जा. जाताना दोन कळशा पाणी भरून ने.

लोभ ठेवावा, पोट सांभाळावं.

आबा


भोईवाडा, परळ
दि. २८ मार्च २००९

तीर्थरूप आबांस,
लतिकाचा स. जय भीम, वि. वि.

उशीर झाला, क्षमा असावी. सगळं क्रमाने लिहिते.

पान ठेवलं. मागे तुमच्या पाइपाचं अर्धं पान जोडलं आणि ‘सूचना : माझे आजोबा, माजी रंगखाते कामगार’ असं लिहिलं, दुसऱ्याची कल्पना आपली म्हणून देणं बरं नव्हे. मग सरांना म्हटलं, सही करण्याआधी एकदा पहाटे या. मला वाटलं नकार देतील. ते म्हणाले, पान अतिशयोक्तीचं आहे हे सिद्ध करायलाच येतो.

बारा मार्चला साडेचारला आले, इस्त्रीचा शर्ट घालून. आत्याने त्यांना मोरीच्या तोंडाशी स्टुलावर बसवलं. आदल्या दिवशी ती कळशा घेऊन कुशाबाकाकांकडे गेली होती, त्यामुळे बोलणं सुरू झालं होतं, आणि पेटीतला पितळी नळ तिने शेजारी त्यांच्या मोरीत बसवून घेतला होता. त्याखाली टोप. इकडे आपला नवा नळ, त्यापुढे सर. सगळा मजला दारातून बघत होता. झोपायचं कोणी नावच घेईना. आत्या म्हणाली, अशाने प्रयोग खोटा होईल, सगळ्यांनी निदान डोळे तरी मिटा. सगळ्यांनी मिटले. सरांनीही मिटले, आणि ते खरंच झोपले.

पाच वाजून तीन मिनिटांनी भिंतीपलीकडे टोप असा वाजला की सर स्टुलावरून उठले ते थेट गॅलरीत. कठड्यावर लाटणं वाजलं. अकरा दारांतून बादल्या निघाल्या. आमचा नळ मात्र नवे सेल घालूनही अडतीसचा आकडा दाखवत शांत उभा. कोणीतरी त्यांच्या हातात हंडा दिला, कुणी दिला ते मी बघितलं नाही, पण आत्या असावी. त्यांनी आमचं पिंप भरलं, मग कुशाबाकाकांचं. वीस सेकंदांनी धार तुटायची, की सर परत हात धरायचे. मी मोजलं नाही, पण त्यांनी मोजलं असावं, कारण आठव्या की नवव्या वेळेला त्यांनी आपल्याच नळाला एक शब्द म्हटला, तो पत्रात लिहिण्यासारखा नाही.

चहा घेताना त्यांनी तुमचं अर्धं पान मागितलं. पाइपाला हात लावून बघितला. नंतर ऑफिसात माझ्या पानावरची रेघ स्वतःच खोडरबराने पुसली आणि ते पान रिपोर्टात पहिलं लावलं. पाणी आलं की घंटा वाजवणारा नळ करायचं काम आता निघालं आहे आणि ते माझ्याकडे आहे.

आणि आबा, मी परमनंट झाले. पत्रावर तारीख एक एप्रिल आहे, म्हणून मी वर जाऊन दोनदा विचारलं. खरं आहे. युनियन नाही. तेही विचारलं.

गुणवंतीचं जमलं. मुलाच्या आईला कळलं की बाटल्या श्रीमंतीच्या नव्हत्या, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

एक काम आहे. अडतीसऐवजी किती डिग्री लावावी हे मला ठरवायचं आहे. सर म्हणाले, आजोबांना विचार. तुमच्या कोपराला बरं वाटतं ते पाणी किती डिग्रीचं, ते मोजून कळवाल का? अंदाजे नको.

आत्या जय भीम सांगते. आमची आठवण असू द्यावी.

आपली नात,
लतिका


मु. पो. वेरळवाडी
दि. ७ एप्रिल २००९

चि. लतिकास,
आबाचा अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तुझं पत्र तुझ्या आईने तीनदा वाचून दाखवायला लावलं. नंतर वाडीत ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांना मी वाचून दाखवलं. आता सगळ्यांना सांगितलं आहे की नात नळात आहे. कालपर्यंत चार गळके नळ आले.

डिग्रीचं. काचेची नळी कुठून आणायची? आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईकडून तापाचं थर्मामीटर मागून आणलं. तिला वाटलं मला ताप आहे, गोळ्याही दिल्या. वीस मार्चला गुडघ्यामुळे महाडला जमलं नव्हतं, ते परवा जाऊन आलो तेव्हा ते खिशातच होतं, म्हणून तळ्याच्या पायरीवर बसून तिथलं पाणी मोजलं. तापाचं थर्मामीटर पस्तीसच्या खाली बोलतच नाही, त्यामुळे काही कळलं नाही. पाणी गार होतं, एवढं कोपराने सांगितलं. ओंजळभर प्यायलो.

घरी तुझ्या आईने माझ्या कोपराला बरं वाटेल इतपत बादली तापवली. मी बाही वर केली, डोळे मिटले, कोपर घातलं आणि सांगितलं, चाळीस. मग थर्मामीटर घातलं. साडेचाळीस.

तिने परत गार पाणी ओतून, परत तापवून तीनदा करायला लावलं. तिन्ही वेळा मी अर्धी डिग्री कमीच सांगतो. एकोणीस वर्षं असंच सांगत आलो की काय, कोण जाणे. तो जांभळट ताका आता थोडा कळतो.

तेव्हा नळाला साडेचाळीस लाव. मीरासाठी वेगळं बटण ठेव, तिचं शिजणं थर्मामीटरच्या वर जातं. आणि माझ्या अर्ध्या डिग्रीची चूक रिपोर्टात लिही. नावासकट. पान काढू नकोस.

थर्मामीटर परत करायचं आहे, म्हणून इथेच थांबतो. माया आहे तशी असू दे.

तुझा,
आबा