डाव्या तळहातावर

।। श्री वीरभद्र प्रसन्न ।।
कोल्हापूर, ९ जानेवारी १९९८

ती. आक्कांच्या पायांशी दानम्माचा नमस्कार. वि. वि.

तुमच्या भावाचं ऑपरेशन कसं झालं, म्हणून वाट बघत असाल. झालंच नाही. हे दवाखान्यातून पळून आले.

सकाळी उपाशीपोटी न कुरकुरता निघाले, हिरवा झगासुद्धा घातला. मग सिस्टर म्हणाली, गळ्यातलं काढा. ह्यांनी छातीवरच्या इष्टलिंगाच्या डबीवर हात ठेवला आणि लहानपणी दीक्षा झाल्यापासून हे अंगावेगळं केलं नाही म्हणून सांगितलं. ती बिचारी समजवायला लागली, तोवर ह्यांनी धोतर नेसलंही. मी औषधं घेऊन येते तर हे रिक्षात बसलेले.

आता पेंडीच्या दुकानात जाऊन गिऱ्हाईकांवर ओरडतात. डॉक्टर म्हणतात, हर्निया साधा आहे, पण आतडं अडकलं तर साधा राहणार नाही. मला विचाराल तर लिंगाचं निमित्त आहे, खरी भीती सुईची. मला मेलीला कशाचीच भीती वाटत नाही, म्हणून सगळं माझ्याच गळ्यात. हे तुमचं ऐकतात. चार शब्द लिहा.

माया आहे ती असू द्या.
तुमची दानम्मा

जयसिंगपूर, १५ जानेवारी १९९८

चि. सौ. दानम्माला आक्काचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. हसू आलं आणि रागही आला. राग तुझा. निमित्त म्हणू नकोस. लहानपणी विहिरीत पोहताना रुद्राच्या गळ्यातला दोरा तुटला, तेव्हा लिंग सापडेपर्यंत त्यानं पाण्याचा घोट घेतला नव्हता. आमच्या आण्णांना विहीर उपसायला लावावी लागली. तुझी पूजा म्हणजे आंघोळीनंतर घाईघाईत दोन बेलपानं. तुला काय कळणार?

पण जीव राहिला तर पूजा. डबी काढून नुसतं लिंग कापडात गुंडाळून दंडाला बांधता येतं का, एवढं डॉक्टरांना विचारा. इथं शेजारच्या सोमशेखरच्या सासऱ्याला तसंच बांधलं होतं. रुद्राला सांग, आता पळून आलास तर मला तोंड दाखवू नकोस.

सोमशेखरबरोबर तिळगूळ पाठवला आहे. भांडत का होईना, दोघं खा.

तुझी आक्का

कोल्हापूर, २४ जानेवारी १९९८

ती. आक्कांना दानम्माचा नमस्कार. वि. वि.

ऑपरेशन झालं. चहा गोड नाही म्हणून कुरकुर चालली आहे, म्हणजे हे बरे आहेत.

तुम्ही लिहिलेलं विचारायला हे स्वतःच डॉक्टरांच्या खोलीत गेले. मी बाहेर बाकावर थांबले. परत आले ते म्हणाले, डॉक्टर ऐकत नाहीत. मला वाटलं, आता पुन्हा रिक्षा. पण ह्यांनी आपल्या हातानं गळ्यातला दोरा काढला, डबी उघडली आणि लिंग माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं, पूजेला धरतात तसं. म्हणाले, ‘मी येस्तोवर खाली ठिवायचं न्हाय.’ मग गपगुमान आत गेले.

हात हलवायचा नाही, म्हणून चहा नाही, पदर सावरणं नाही. सोबतीला आलेल्या शेजारच्या झुंबरबाईंनी पाणी पाजलं. आक्का, एवढी पूजा मी जन्मात केली नव्हती. दार उघडलं तेव्हाच मान वर केली. बोटं अशी आखडली होती की ह्यांनी पडल्यापडल्या एकेक सोडवली.

सकाळी घरून निघताना मात्र धांदल झाली होती. टॉवेल म्हणून मी उशीचे अभ्रे भरले होते आणि पायात एक चप्पल ह्यांची होती. भित्र्या माणसाला सांभाळायचं म्हणजे असंच व्हायचं.

तुमचा जीव भांड्यात पडला असेल. आता राग सोडा.
तुमची दानम्मा

कोल्हापूर, ३ फेब्रुवारी १९९८

ती. आक्काला रुद्राप्पाचा नमस्कार.

टाके काढले. दुकानात बसतो, पोतं उचलत नाही. तुझं मागचं पत्र दानम्मानं वाचून दाखवलं. त्यात तू डॉक्टरांना देवाधर्माची चाड नाही असं लिहिलंस, म्हणून तिला न सांगता हे लिहितो आहे. त्या माणसाचा दोष नाही. दंडाला बांधू की, म्हणून ते लगेच तयार झाले होते. पट्टीसुद्धा काढून ठेवली होती.

मी दारातून बाहेर बघितलं. दानम्मा बाकावर बसली होती आणि तिचे हात असे कापत होते की मांडीवरच्या पिशवीतलं भांडं वाजत होतं. तिचे वडील असंच बारीकसं ऑपरेशन म्हणून गेले आणि परत आले नाहीत. तेव्हाही बाहेर तीच बसली होती. ती हे कधी बोलत नाही. मनात आलं, मला आत डॉक्टर आहेत, सिस्टर आहे. हिच्या हातात काय आहे? म्हणून खोटं बोललो.

आत गेल्यावर छाती मोकळी लागत होती. फार भीती वाटली, तुझ्यापाशी काय लपवू? पण ती खाली ठेवणार नाही, हे माहीत होतं.

तिला यातलं काही कळवू नकोस. नवरा भित्रा म्हणून ती गल्लीभर सांगते आहे. सांगू दे.

तुझा लोभ आहेच. यंदा तो तिच्यावर जरा जास्त कर.
तुझा रुद्रा