सोमवारी मागितलेला पासपोर्ट

पप्पा,

काल संध्याकाळी काका येऊन गेले. तुमच्यामागे तालमीच्या फुटबॉल संघाचं सगळं तेच बघतात. येत्या रविवारी तालमीपुढे सत्कार आहे, बचावाला खेळणाऱ्या तुमच्या त्या नायजेरियन स्टॉपरचा. तुमच्या म्हणजे आता सगळ्यांच्याच. आपल्याकडून तो गोव्यात गेला, तिथे खेळला, कोलकात्यात खेळला, बारा वर्षांच्या वर या देशात राहिला. मग त्यानं स्वतःच्या देशाचं नागरिकत्व सोडलं, कारण आपल्याकडे दोन ठेवता येत नाहीत, आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षी भारताच्या संघात आला. मोजकेच सामने खेळला, पण खेळला. आता निवृत्त झाला आहे. चौकात फ्लेक्स लागलाय. मधे निळ्या जर्सीत तो, कोपऱ्यात गोलात तुमचा फोटो आणि खाली ओळ, ‘पेठेच्या मातीनं दिली मातृभूमी’. कामावर जाताना मी रोज त्याखालून जाते आणि रोज मला राग येतो. त्याचा नाही, तुमचा. हे आधीच सांगून टाकते.

काकांनी टाइप केलेला एक कागद आणला होता. तो मी स्टेजवर वाचायचा आहे, त्याच्यासमोर. “तवा त्याचं समदं तूच सांगायचीस की आम्हाला. गल्लीत तूच एकटी इंग्लिश मेडियमची. आता बी तूच बोल.” कागदावर ती गोष्ट आहे जी आता पेठेतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. फायनलच्या दोन दिवस आधी त्याची आई वारली, तरी तो गेला नाही, डोळे पुसत मैदानात उतरला आणि पेठेला कप मिळवून दिला. “आई गेली तरी गडी हालला न्हाय. असला खेळाडू परत हुणार हाय व्हय?” असं म्हणत काकांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. नाटक नव्हतं ते. त्यांना ती गोष्ट खरी वाटते. म्हटलं, ठेवून जा, बघते.

मी फाउंड्रीत क्वालिटीला आहे. माझ्या सहीशिवाय ओतलेलं एकही कास्टिंग गेटबाहेर जात नाही आणि मोजल्याशिवाय मी सही करत नाही. हे तुमच्याकडूनच आलंय. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी तुम्ही मला तुमचा मापं घ्यायचा व्हर्नियर दिला होता, तेलाचा वास मारणाऱ्या लाकडी पेटीसकट. तुमच्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून मी तुम्हाला बघायचे. लेथवरून उतरलेला शाफ्ट दोन शतांश मिलिमीटरनं चुकला तरी तुम्ही तो बाजूला टाकायचात. कारागीर म्हणायचा, “मालक, चालतंय की, कोण बघतंय?” तुम्ही म्हणायचात, “मी बघतोय न्हवं.” लोखंडाशी इतका खरा माणूस. म्हणूनच मला त्या सोमवारचं अजून समजत नाही, आणि समजून घ्यायची इच्छाही आता उरलेली नाही.

सीझन संपेपर्यंत बाहेरच्या खेळाडूंचे पासपोर्ट सेक्रेटरीच्या, म्हणजे तुमच्या घरी, अशी आपल्या तालमीत रीत होती. बूट, जर्सी, बॉल तालमीत आणि पासपोर्ट आपल्या कपाटाच्या आतल्या खणात. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. खेळाडू दुसऱ्या पेठेनं पळवू नये, एवढाच त्यामागचा विचार.

तर तो सोमवार. मी सहावीत आहे, शाळेतून नुकतीच आलेय. तुम्ही जेवताय, तुमच्या शेजारी तो. मांडी घालायला त्याला जमत नाही, म्हणून पाय भिंतीपर्यंत लांब करून बसलाय. एकोणीस-वीस वर्षांचा असेल, आज हिशेब केल्यावर कळतं, तेव्हा मला तो खूप मोठा वाटायचा. ताटातलं त्यानं काही खाल्लेलं नाही. तो मला सांगतो आणि मी तुम्हाला सांगते. त्याची आई हॉस्पिटलमध्ये आहे, बहिणीचा फोन आला, लगेच ये म्हणतेय. त्याला पासपोर्ट पाहिजे, भेटून परत येणार आहे. तुमचा घास थांबत नाही. “त्याला सांग, पासपोर्ट पोलिसांकडं दिलाय, सही-शिक्क्याला. पुढच्या सोमवारी मिळंल.” मी सांगते. चुलीपाशी आई वळून म्हणते, “अवं, द्या की त्याचं त्याला. आई हाय ती.” आणि तुम्ही, “तू गप बस. गेल्या साली त्यो फॉरवर्ड बी आईच आजारी हाय म्हणून गेलता. चार दिवसांनी पलीकडच्या पेठंच्या जर्सीत दिसला. ह्याची आई बी बरी फायनलच्या तोंडावर आजारी पडली!” आणि हसलात. त्याला मराठीतले दहा-बारा शब्द यायचे. ‘आई’ त्यातला एक, कारण आमच्या आईला तोही आईच म्हणायचा. तुम्ही प्रत्येक वेळी तो शब्द उच्चारलात की तो मान वर करून तुमच्याकडे बघायचा. मला वाटतं, त्याला वाटत होतं तुम्ही त्याच्यासाठी काहीतरी करताय.

त्याची आई शुक्रवारी पहाटे गेली. रविवारी तो खेळला, कारण दुसरं करण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. मैदानभर हलगी वाजत होती, लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचत होते आणि तो गुलालात माखून नुसता समोर बघत होता. सोमवारी तुम्ही पासपोर्ट हातात दिलात, म्हणालात साहेबांच्या मागं लागून सही आणली. तो वाकून तुमच्या पाया पडला. तुम्ही पडू दिलंत.

पुढे इंजिनिअरिंगला असताना मी एकदा वेळा मांडून बघितल्या. सोमवारी संध्याकाळची मुंबईची बस, मंगळवारचं विमान, मधे एक बदलायचं. बुधवारी दुपारपर्यंत तो तिच्याजवळ पोचला असता. दोन रात्री आणि मधला एक आख्खा दिवस. तुम्ही त्याच्या आईचे ते तास घेतलेत, एका कपासाठी, आणि ते घेताना जेवण थांबवलं नाहीत. आणि तो परत आला, पप्पा. पंधरा दिवसांत, दुसऱ्या पेठेत नाही, आपल्याच दारात, आमच्या आईसाठी एक निळं कापड घेऊन. तेव्हा तरी तुम्ही त्याला सांगायला हवं होतं. अकरावीत मी तुम्हाला एकदाच विचारलं, तुम्हाला कधी वाईट वाटलं का. तुम्ही म्हणालात, “जा, तालमीत जाऊन कप बघ. त्यो खोटा हाय व्हय?” पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. तो गोव्याहून आला आणि तुम्हाला खांदा दिला. मी घराच्या पायरीवरून बघत होते, रडू येत नव्हतं आणि बायका मला रड म्हणत होत्या.

भारताकडून त्याच्या पहिल्या सामन्याआधी राष्ट्रगीत म्हणताना त्याला टीव्हीवर दाखवलं. आपली सगळी गल्ली आमच्या हॉलमध्ये होती. लोक म्हणाले, बघा, आपला झाला. मला एवढंच दिसत होतं की या माणसानं स्वतःचा पासपोर्ट या वेळी स्वतःच्या हातानं आणून दिला, आणि कुणाला दिला, तर आपल्याला.

आज सुट्टी आहे. खरं तर मी त्याला लिहायला बसले होते. काकांनी त्याचा पत्ता दिलाय. इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, खोडल्या आणि तुम्हाला लिहायला घेतलं. तुमच्यावर रागावणं सोपं आहे, तुमच्यापर्यंत काही पोचत नाही. सकाळी काकांना फोन करून सांगितलं, कागद वाचणार नाही, माझं मी बोलेन. “बोल की, तालीम तुझीच हाय,” म्हणाले. काय बोलणार हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगणार आहे की पासपोर्ट आपल्या घरात होता, आणि तो थांबला नव्हता, त्याला थांबवलं होतं. तुमचं नाव घेऊन सांगणार आहे. काका परत बोलणार नाहीत, आईला गल्लीत त्रास होईल, आईला मी विचारलंय. ती म्हणाली, “सांग.”

पण तेवढं सांगून सगळं सांगितलं असं होणार नाही. त्या दुपारी तुम्ही हात धुवायला मोरीत गेलात, आईची पाठ होती, तेव्हा तो माझ्याकडे वाकला आणि हळू आवाजात विचारलं, खरंच पोलिसांकडे आहे ना? आदल्याच दिवशी आतल्या खणात माझी रंगपेटी शोधताना मी त्याच्या पासपोर्टचं हिरवं पुस्तक बघितलं होतं. मला फायनल जिंकायची होती, तुमच्याइतकीच. मी ‘येस’ म्हणाले. त्यानं मला ‘थँक यू’ म्हटलं.