गणित आपल्यात नाहीच

प्रिय आई,

तुझा फोन मी मुद्दाम घेतला नाही. तू फोनवर रडलीस की मी विरघळते, हे तुला चांगलं ठाऊक आहे, म्हणून लिहिते आहे. गुडघे बरे असतील. माझं तेच चाललंय. रक्त तपासायच्या लॅबमध्ये खिडकीशी बसायचं, बाटल्यांवर लेबलं चिकटवायची आणि त्या काचेच्या आत द्यायच्या. आत माझ्यापेक्षा लहान पोरी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसतात. मला तिथं बसायचं होतं, आई. तू विसरलीही असशील. माझी चिंगी शाळेतून थेट तुझ्याकडे येते, तू तिचं सगळं बघतेस, म्हणून माझी ही नोकरी तरी चालते. ते मी विसरलेले नाही.

परवा मला ती सहामाही आठवली. दादा आणि मी, दोघंही गणितात नापास. दादाला तू झोडपलंस. डोकं आहे पण आळशी आहे मेला, असं म्हणत त्याला पुस्तकासमोर बसवलंस आणि तीच ती गणितं पुन्हा पुन्हा करून घेतलीस. मला मात्र जवळ घेतलंस. केस विंचरत म्हणालीस, असू दे गं, गणित आपल्यात नाहीच; मला जमलं नाही, माझ्या आईला जमलं नाही, तुला कुठून जमणार? केवढं बरं वाटलं होतं! त्यानंतर पेपरात काही अवघड दिसलं की मी पेन खाली ठेवायचे. नापास झाले की घरी कंगवा तयारच असायचा. दादा आज पूल बांधतो आणि अजून त्या धपाट्यांच्या नावानं खडे फोडतो. मला त्या धपाट्यांचा हेवा वाटतो. आळस झटकता येतो गं. रक्तातच नाही म्हटल्यावर माणूस काय झटकणार?

तू दुष्ट असतीस तर कधीच कडाकडा भांडले असते. मायेशी कसं भांडायचं, ते मला आजवर कळलेलं नाही.

आता खरं कारण सांगते. शुक्रवारी चिंगीच्या बाईंनी बोलावून तिचा पेपर दाखवला. अपूर्णांकांचं अख्खं पान कोरं. चुकलेलं नाही, खाडाखोड नाही, नुसतं कोरं. घरी येऊन विचारलं, तर माझी पोर जराही न घाबरता म्हणाली, आजी म्हणते गणित आपल्यात नाहीच. मग आत जाऊन कंगवा घेऊन आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मी कंगवा कपाटात टाकला आणि तिच्यापुढे तेच पान ठेवलं. ती हुंदके देत रडली. मी जवळ घेतलं नाही. शेवटी एक गणित तिनं बरोबर सोडवलं आणि माझ्याकडे अशा रागानं पाहिलं, जसं मी तुझ्याकडे कधीच पाहिलं नाही. सोमवारपासून शाळा सुटल्यावर ती तुझ्याकडे येणार नाही, माझ्या खिडकीमागच्या बाकावर बसेल. तू दारात उभी राहशील, हे मला इथून दिसतंय. वाट पाहू नकोस.

तुझीच,
छकुली