फ्लॉरेन्सच्या पावसात आई बोलल्या ते

१९ मार्च, दोहा

बॅगा भरून झाल्या. आईंची बॅग म्हणजे निम्मं स्वयंपाकघर. मेतकूट, दशम्या, लसणाची चटणी, वर लाडवांचा डबा. टूरवाले तिन्ही वेळचं जेवण देणार आहेत, हे किती वेळा सांगितलं. "असू दे गं. परमुलखात भूक जास्त लागते." परमुलखात! आणि दोहा काय नाशिकरोड आहे? हसून सोडून दिलं.

नि. येत नाही. प्लँटचं शटडाऊन निघालं, नवऱ्याची सुट्टी खलास. म्हणजे मी, ईरा आणि सासूबाई. शुभाताई, माझी मोठी नणंद, नाशिकहून ग्रुपबरोबर थेट रोमला येणार. ट्रिपचा खरा घाट मायलेकींसाठीच. बाबा गेल्यावर नि. आणि शुभाताईंनी मिळून ठरवलं, आई एकट्या कशा राहणार, आणि त्या दोह्यात आमच्याकडे, ओल्ड एअरपोर्ट भागात, राहायला आल्या. तेव्हापासून दोघींची भेट नाही.

नोकरीची ऑफर स्वीकारली! एप्रिलच्या पहिल्या रविवारी जॉइनिंग. ईरा झाल्यापासून घरी होते, आता पुन्हा प्लॅनिंग इंजिनियर. आई खाली जाऊन ईराला स्कूलबसमधून उतरवून घेतात म्हणून हे जमतंय, नाहीतर कसलं काय. पाया पडले तर म्हणाल्या, "मी आहे ना. बिनधास्त जा."

२१ मार्च, रोम

हॉटेलच्या लॉबीत मायलेकी गळ्यात पडून रडल्या. ईरा: "आज्जी, डोन्ट क्राय, एव्हरीबडी इज लुकिंग." बघत होतेच सगळे. बघू देत.

बसमध्ये माइक फिरवून ओळखी. मी दोहा म्हटल्यावर मागून एक काका, "म्हणजे दुबईच ना?" कतार म्हटलं. "तेच ते." आईंनी माइक हातात धरून एवढंच सांगितलं, "मी सुमन. नाशिकची." दोह्याचं नावच नाही. विसरल्या असतील.

टूरकडून टोपी, बिल्ला आणि हळदी रंगाचा रेनकोट. सगळ्यांना एकच माप. मी, शुभाताई आणि कोल्हापूरच्या पाटीलकाकू अंगात घालून आरशासमोर उभ्या राहिलो. कोण कुठली, ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. हसून पुरेवाट.

२३ मार्च, फ्लॉरेन्स (संध्याकाळी, हॉटेलवर. ईरा आंघोळीला गेलीय.)

सकाळपासून पाऊस. दोह्यात थेंब पडला की व्हॉट्सॲपवर फोटोंचा पूर येतो, इथे कुणी मान वर करून बघत नाही. आम्ही केली, कारण ते प्रचंड चर्च बघायचं होतं. पांढरा, हिरवा, गुलाबी संगमरवर, एखाद्या पेटीवर नक्षी करावी तसा. घुमट काही नीट दिसला नाही, डोळ्यांत पाणी जायचं. गाईड बोलतो ते कानात लावायच्या यंत्रातून ऐकू येतं. आईंच्या कानात आधीच एक, त्यावर दुसरं कुठे लावणार? त्यातून आपलं ऐकायचं मशीन भिजेल म्हणून त्यांनी तेही काढून पिशवीत गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. चष्माही. "पुसून पुसून कंटाळले." म्हणजे सगळं शहर त्यांनी न ऐकता, अर्धवट बघत पार केलं, पण तक्रार नाही.

दगडी फरशी, निसरडी. टूर मॅनेजरचा झेंडा भिजून काठीला चिकटलेला, तरी आम्ही त्याच्या मागे. ईराला भर पावसात आइस्क्रीम हवं होतं. शुभाताई तिला घेऊन पुढे गेल्या, एका छत्रीत दोघी.

मी गल्लीच्या तोंडाशी आईंची वाट बघत थांबले होते. त्या मागून आल्या आणि माझा दंड धरला.

"शुभे, थांबू नकोस. चालत राहा. तुझ्याशी बोलायचंय."

मी म्हटलं, "आई, मी मेधा." पाऊस, रेनकोटाची टोपी, मशीन पर्समध्ये. काही पोचलं नाही. पुन्हा ओरडून सांगता आलं असतं.

नाही सांगितलं.

"मला तिकडे परत नाही जायचं गं. तुझ्याबरोबर ने. माझं घर उघडून दे, मी राहीन एकटी, तू दोन गल्ल्यांवर आहेसच. तिथे दिवसभर एसीचा आवाज ऐकत बसते. कुणी वाईट वागत नाही, मेधा तर फार करते. पण दुपारभर कुणाशी बोलू? खाली उतरावं तर ऊन, नाहीतर गाड्या. ईरा आली की जीवात जीव येतो, तर ती टॅब घेऊन बसते. मी काय बोलते ते तिला कळतं, ती काय बोलते ते मला कळत नाही." मग थांबल्या. "मेधाला सांगू नकोस. पोरीला इतक्या वर्षांनी नोकरी लागलीय. माझ्यामुळे अडायला नको. तूच काहीतरी कारण काढ."

त्यांना वाटत होतं आपण कुजबुजतोय. मशीन नसलं की आईंना स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसतो. पुढचे दोन रेनकोट वळून बघायला लागले. त्यातला एक पाटीलकाकू.

मी त्यांचा हात दाबला. का, माहीत नाही. काहीतरी करायला हवं होतं. त्यांनीही माझा दाबला, घट्ट. आणि म्हणाल्या, "बाई गं, सुटले."

जुन्या पुलावर दोन्ही बाजूंना सोन्याची दुकानं. आमच्या बायका काचांना नाकं लावून उभ्या. गर्दीत मी पुढे सटकले आणि शुभाताईंना आईंकडे मागे पाठवलं. नदी गढूळ, फुगलेली. ईराने आइस्क्रीम पुढे केलं. खाल्लं. कुठलं होतं आठवत नाही.

२४ मार्च, बसमध्ये, व्हेनिसच्या वाटेवर

लेकी बोले सुने लागे म्हणतात. पण त्यात सासूला माहीत असतं की सून ऐकतेय. इथे सासू खरंच लेकीशी बोलली आणि लागलं मला.

लागलं म्हणजे काय? आधी राग आला. एवढं करून? त्यांच्यासाठी भाकरीचं पीठ शोधत मी अर्धं दोहा पालथं घालते. मग लाज वाटली, कारण त्याच्या पाठोपाठ मनात आलेला प्रश्न होता: ईराला बसमधून कोण उतरवून घेणार? "आईंना बरं वाटेल कशाने" हा प्रश्न बऱ्याच उशिरा आला.

नाश्त्याला पाटीलकाकू शेजारी येऊन बसल्या. "काय ओ, एवढं शिकलेल्या तुम्ही. म्हातारीचं मन न्हाई तिथं, तर कशाला धरून ठेवलंय?" मी म्हटलं, आमच्या घरचं आम्ही बघू. "बघा की. बघा म्हणूनच सांगतोय." माझ्या हातातला पाव तसाच राहिला.

शुभाताईंना सहज विचारलं, आई काही बोलल्या का? "नाही गं. पण कालपासून माझ्याकडे बघून हसते, मान हलवते. जणू आमचं काहीतरी ठरलंय."

ठरलंय. हात दाबून ठरवलंय, मी, शुभाताईंच्या वतीने.

आत्ता त्या दोघी पुढच्या सीटवर आहेत. आई खिडकीबाहेर बघताहेत, गाणं गुणगुणताहेत. दोह्यात कधी गुणगुणलेल्या ऐकलं नाही. व्हेनिसला सांगायचं. नक्की.

२६ मार्च, विमानतळ

नाही सांगितलं. व्हेनिसमध्ये दोन वेळा तोंड उघडलं, एकदा ईराला बाथरूमला जायचं होतं, एकदा माझीच हिंमत नव्हती. उघड बोलले तर आई नाशिकला, मी घरी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

ग्रुपचं मुंबईचं विमान आधी. निरोप घेताना आई शुभाताईंच्या तोंडाकडे बघत होत्या. आता काढेल विषय, आता काढेल. शुभाताईंनी मिठी मारली. "काळजी घे हं आई. दिवाळीत येते तुमच्याकडे, इन्शाल्ला का काय ते!" सगळे हसले. आई नाही. शुभाताई आत गेल्या, वळून हात केला. आईंनी हात वर केला, तो खाली घ्यायचा राहूनच गेला. मी बघत होते. शेजारीच उभी होते.

ईरा: "आज्जी इज सॅड." मी म्हटलं, दमलीय.

३० मार्च, दोहा

आई गप्प. चिडचिड नाही, काम सगळं करतात. शुभाताईंचा फोन आला की हातानेच खूण करतात, नंतर. काल ताईंनी मला विचारलं, "आईचं काय बिनसलंय? मी काही केलं का?" मी म्हटलं, प्रवासाचा शीण असेल. किती सहज निघतं तोंडातून.

नि.ला सांगितलं. आधी ऐकून घेतलं, मग म्हणाला, "तिला जायचं असेल तर ती सांगेल ना." मी म्हटलं, सांगितलंय तिने. "तुला नाही सांगितलं." इंजिनियर माणूस! सकाळी प्लँटची बस पकडायच्या आधी आईंच्या खोलीच्या दारात उभा होता. आत गेला नाही.

आईंना वाटतंय, पोटच्या लेकीने पावसात हात दाबला आणि उन्हात विसरली. हे माझ्याने बघवत नाही. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, पण हे नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

सुट्टी. नि. ईराला घेऊन समैस्माला समुद्रावर गेला, मीच पाठवलं. आई मेथी निवडत होत्या. समोर बसले, एक जुडी मीही घेतली.

"आई, फ्लॉरेन्सला पावसात तुम्ही जिचा हात धरला होतात, त्या शुभाताई नव्हत्या. मी होते."

निवडणं थांबलं. मला वाटलं, ओरडतील, रडतील. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "म्हणजे शुभाला माहीतच नाही?"

"नाही."

मेथी तशीच टाकून उठल्या, फोन घेऊन खोलीत गेल्या. दार लावलं. आतून आवाज येत राहिला, बऱ्याच वेळाने एकदा हसणंही. मी सगळी मेथी निवडली.

बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल. म्हणाल्या, "लेकीबद्दल काय काय मनात आणलं मी या आठवड्यात. ते कुठे फेडू?"

"माझ्यामुळे झालं, आई."

"हो. तुझ्यामुळे." सरळ म्हणाल्या. बरं वाटलं, खरं सांगते.

मग मी म्हटलं, तुम्हाला नाशिकला जायचं असेल तर जा. नोकरीचं मी बघेन, ईराचं बघेन. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू मला विचारतेयस, का पाठवून देतेयस?"

"विचारतेय."

"मला इथे आणताना कुणी विचारलं नव्हतं. दोघा भावंडांनी ठरवलं, मी बॅग भरली. आणि ते जे मी बोलले ना पावसात, ते लेकीला बोलले. लेकीजवळ माणूस मन मोकळं करतं. त्यातलं खरं किती आणि त्या दिवसापुरतं किती, ते मलाही माहीत नाही."

"मग?"

"मग काय? विचारलंयस ना, तर विचार करू दे. सांगेन. आणि या वेळी तुलाच सांगेन."

दुपारी मेथीचे पराठे केले. नि. घरी आल्यावर आईंशेजारी जाऊन बसला, त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. मी आत निघून गेले.

५ एप्रिल, रविवार

पहिला दिवस. आईंनी निघताना हातावर दही घातलं. ऑफिसमध्ये सगळे माझ्याहून लहान, सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन, पासवर्डच चालेना. शेजारचा केरळी मुलगा "यल्ला मॅडम, नो टेन्शन" म्हणत होता, यल्ला म्हणजे चला. जेवायच्या सुट्टीत घरी फोन करायचा मोह झाला, केला नाही. उगीच वाटायला नको की उत्तर मागायला केला.

परत आले तर ईरा सोफ्यावर, आज्जीच्या मांडीवर पाय टाकून. टॅब बंद. आज्जी तिला नाशिकच्या घराच्या गच्चीवर पापड कसे वाळवतात ते सांगत होती. ईरा मराठीत म्हणाली, "मग कावळे नाही खात?" उच्चार वाकडा, पण मराठीत. आईंनी माझ्याकडे बघितलं. उत्तराचं मी विचारलं नाही.

त्यांनी जाऊ नये असं मला वाटतंय. अगदी पोटातून वाटतंय. पण ते त्यांच्यासाठी वाटतंय की माझ्या नोकरीसाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनी उद्याच उत्तर दिलं तर ते ऐकताना माझा चेहरा कसा असेल, तेही मला माहीत नाही.