कोबीचं पान

१४ जानेवारी
गुडघा परत सुजला. मध चोपडून कोबीचं पान बांधलंय – आई बांधायची तसंच. त्यावर पट्टा, त्यावर ट्रॅकपँट. कुणाला कळता कामा नये. वय चौतीस, करार मे महिन्यात संपतो. संघाच्या डॉक्टर हालिना बोहदानिव्हना यांनी बघितलं की त्या वहीत लिहिणार, आणि पंधरा वर्षांचा बास्केटबॉल खलास.

२२ जानेवारी
सामना ऐन रंगात आणि हवाई हल्ल्याचा सायरन. सगळे तळघरात. पन्नास मिनिटं! बाकीच्यांना भीती रॉकेटची, मला तिथल्या बाकाची. थंडीत बसलं की गुडघा धरतो, मग वर जाऊन पळणार कशी? म्हणून येरझाऱ्या घालत राहिले. उल्याना हसली, "ओरिस्या, बस की गं! तू फिरलीस म्हणून रॉकेट परत जाणारेय होय?"
तिला हसायला काय जातंय. वीस वर्षांची आहे, माझ्या जागेवर डोळा आहे.
लोकांची घरं पडतायत आणि मी एक गुडघा जपतेय. लाज वाटते. पण भीती लाजेपेक्षा मोठी आहे.

३ फेब्रुवारी
सायरन नाही. अकरा गुण केले. घरी आल्या आल्या नवं पान बांधलं.

९ फेब्रुवारी
उपांत्य सामन्यासाठी कीवला निघालो. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून निघण्याआधी नेहमीप्रमाणे सगळे मिनिटभर बॅगांवर गप्प बसलो. कोच झेनोवी पेत्रोविच "चला" म्हणाले. सगळ्या उठल्या. मला उठताच येईना! बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं.
कोच दारातच उभे होते. "तुझ्या नाडीला फार वेळ लागतो हल्ली," एवढंच म्हणाले.
त्यांना कळलंय. बसमध्ये सगळ्यांत मागे जाऊन बसले.

१० फेब्रुवारी
चार सेकंद बाकी, गुण बरोबरीत, मला दोन फ्री थ्रो. चेंडू हातात आला – आणि सायरन.
दीड तास तळघरात. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात कोच म्हणाले, "आज कुणी बसायचं नाही. सगळ्यांनी चालायचं." मुली कुरकुरल्या. ते स्वतः पोट सांभाळत पुढे चालायला लागले. उल्यानानं न विचारता माझा हात धरला आणि दीड तास सोडला नाही.
वर आलो. पहिला आत गेला. दुसरा रिंगवर फिरून बाहेर. एका गुणानं जिंकलो. सगळ्या माझ्या अंगावर पडल्या, आणि मी आतल्या आत गुडघ्याला विनवत होते. रविवारी अंतिम सामना. तो मला झेपणार नाही. हे आज पहिल्यांदा लिहितेय.

११ फेब्रुवारी
सकाळी डॉक्टरांना स्वतःच फोन केला. म्हटलं, रविवारी उल्यानाला खेळवा. माझा गुडघा गेलाय, कुणाला सांगितलं नव्हतं.
त्या म्हणाल्या, "अगं, कोबी आमच्याही आया बांधायच्या. नोव्हेंबरपासून सगळ्या बसला वास येतोय."