विहीणबाईंशी दोन शब्द

३ जून
मुलाचा फोन. त्याचे सासरे गेले. विहीणबाई जपानी. चौदा तारखेला व्हिडिओवर भेट. मुलगा म्हणाला, तू बोल, मी जपानीत सांगतो. म्हटलं, दुखवट्याला जाऊन कुणी मुलाला बोलायला लावतं का? मला विधवा होऊन सहा वर्षं झाली. त्यांच्यापेक्षा मी सीनियर. मीच बोलणार, जपानीत.

४ जून, सकाळ
यांच्या कपाटात पुस्तिका सापडली. हे शिलाई मशीनं दुरुस्त करायचे, तेव्हाच्या कंपनी ट्रेनिंगची. जपानी शब्द, उच्चार इंग्रजी अक्षरांत, पुढे अर्थ. इंग्रजी अक्षरं मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकले, तिथे जपानी काय! रोज वीस शब्द.

५ जून
पहिली दोन पानं इंग्रजीवाल्यांना 'र' कसा म्हणायचा ते शिकवण्यात गेलीत. कीव आली. आपला 'र' जन्मजात. पानं गाळली. म्हणजे मी दोन पानं पुढेच.

७ जून
हारी म्हणजे सुई. इतो म्हणजे दोरा. आबुरा म्हणजे तेल. तीनच झाले, कारण शेजारीण आली. ती उठत होती, मीच बसवली.

१० जून
उच्चार पक्के. शेजारीण भिंतीपलीकडून विचारत होती, भांडताय कुणाशी? म्हणजे खणखणीत येतंय. 'दुःख' अजून आलेलं नाही. पुढच्या धड्यात असेल. सध्या बॉबिन चालू आहे.

१३ जून
पुस्तिका संपली. शेवटचा धडा, पट्टा घसरल्यास. दुःख कुठेच नाही. हरकत नाही. भाव महत्त्वाचा.

१४ जून, संध्याकाळ
विहीणबाई वाळल्यात. बघून फोन जवळ ओढला. अगदी मायेनं, जपानीत म्हणाले, सुई. दोरा. तेल. बोट सांभाळा. त्या स्क्रीनच्या जवळ आल्या. मग सुनेला हाक. सून मोडक्या मराठीत म्हणाली, माझी आई विचारतेय, मशीन कुठलं बिघडलंय? आता नाही कसं म्हणणार? फोनसमोर मशीन आणलं. त्यांनी चष्मा लावला. चाक फिरवा, टाका घाला, दाखवा. तासभर. जाताना तरतरीत दिसल्या. नवऱ्याबद्दल एक अक्षर बोलणं झालं नाही. दोष सापडला नाही, म्हणून रविवारी पुन्हा बघणार म्हणाल्या.

१५ जून
मशीनला काहीच झालेलं नाही. रविवारच्या आत बिघडवायला हवं. सकाळपासून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेय. यांनी आवळलेला एकही स्क्रू सैल होत नाही.